बिनउंबरठ्याचं दार

माप घ्यायला गेले तेव्हा वारा पश्चिमेचा होता.
विआनाच्या वर, किनाऱ्यालगतचं शेवटचं घर.
टेपचं एक टोक दोना ग्रासिएतच्या हातात, दुसरं माझ्या:
वर चार मीटर बासष्ट, मध्ये साठ,
खाली पुन्हा बासष्ट.
घर चौकोनी असतं हे फक्त नकाशाला माहीत.

"उंबरठा नको," ती म्हणाली.
"काडीएवढाही नको."
आणि आत पाहिलं. तिथे अदेलिनू
चाकाच्या खुर्चीत, समुद्राकडे पाठ करून.
एकतीस वर्षं जाळी ओढलेले हात मांडीवर,
दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखे.

कारखान्यात एवारिश्तू हसला.
उंबरठा काढलास तर अटलांटिक थेट दिवाणखान्यात येईल, झुल्मिरा,
आणि तो पाय पुसून येत नाही.

तीन रात्री मी कागदावर ते दार उघडलं, लावलं.
रूळ फरशीच्या पोटात.
रुळाखाली पन्हळ, पन्हळीला शंभरात दोनचा उतार,
बाहेरच्या अंगाला भोकं, करंगळी जाईल एवढी,
वाऱ्याने पाणी मागे लोटू नये म्हणून
प्रत्येकावर रबराची एक जीभ.
तुळईखाली बारा मिलिमीटर मोकळे सोडले.
काँक्रीटही म्हातारं होतं, वाकतं.
वाकायला जागा ठेवली नाही
तर दाराच्या डोक्यावर बसतं.

पाणी अडवणारं दार कुणालाच बनवता येत नाही,
असं एवारिश्तूने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
पाणी येणारच.
त्याने यावं, थोडं थांबावं,
आणि कुणाला न भिजवता निघून जावं,
एवढीच आपली कारागिरी.
मी सतरा वर्षांची होते.
मला वाटलं, हा दारांबद्दल बोलतोय.

चाचणीला दार तासभर फवाऱ्याखाली उभं केलं,
आतल्या बाजूला वर्तमानपत्रं अंथरली.
पंचेचाळिसाव्या मिनिटाला फुटबॉलच्या पानावर
एका गोलरक्षकाच्या गुडघ्याशी ठिपका उमटला.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक सहज म्हणून जातात.
आम्हाला ते "कुठेतरी" शोधावं लागतं.
सापडलं: सांध्यात अडकलेला ॲल्युमिनियमचा कीस,
पापणीच्या केसाएवढा.

मग बसवायचा दिवस.
एकेक पल्ला दोनशे दहा किलो,
सहा माणसं, आणि ओरडणारा एकटा एवारिश्तू.
पाणसळीतला बुडबुडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला,
मधोमध येऊन थबकला.
कुणी श्वास सोडला ते कळलं नाही.

ग्रासिएतने खुर्ची पुढे आणली.
दार सताड उघडं होतं.
खारा वारा, सीगलचा कलकलाट, दूर बंदराचा भोंगा.
आता तो बाहेर जाईल म्हणून
आम्ही सगळे हत्यारं हातात धरून उभे.
त्याने समुद्राकडे पाहिलंच नाही.
वाकून रूळ पाहिला.
मग उजव्या हाताचं एक बोट मुठीला लावलं,
आणि दार बंद केलं.

उघडलं.
बंद केलं.
मान तिरकी करून चाकांचा आवाज ऐकत राहिला.
कॉफी उतू जातेय म्हणत ग्रासिएत आत पळाली.
चुलीवर कॉफी नव्हती.
"आमच्या होडीवरचा विंच," तो म्हणाला,
"असा कधी फिरला नाही."
त्या दिवशी तो बाहेर गेला नाही.

जानेवारीत, मोठ्या वादळानंतर, मी तपासणीला गेले.
भोकांखाली भिंतीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते:
पाणी आलं होतं, गेलं होतं.
फरशी कोरडी.
फक्त टेबलापासून गच्चीपर्यंत
आणि गच्चीपासून टेबलापर्यंत
चाकांच्या जोडरेघा, रेतीच्या.

"रोज दोनदा झाडते," ग्रासिएत कुरकुरली,
हातात केरसुणी, कमरेवर हात.
अर्जावर तक्रारीचा रकाना असतो.
एरवी मी तिथे आडवी रेघ मारते.
या वेळी लिहिलं: वाळू.